चार हजार न्यूटनचा ग्राफ्ट आणि तीन मिलिमीटरचा ढिलेपणा

प्रश्न नेरूळला ऑर्थोच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: एसीएलच्या (गुडघ्याच्या आतल्या, तुटलेल्या लिगामेंटच्या) केसला तिला बॅक टेबलवर, म्हणजे ओटीतल्या बाजूच्या टेबलवर, ग्राफ्ट (एसीएलच्या जागी घालायचा टेंडन) बनवायला बसवतात, "बोर्डवर (ताण मोजणारा काटा असलेल्या फळीवर) ताणून ठेव" म्हणतात, पण किती ताण, किती वेळ आणि मुळात कशासाठी हे कोणी धड सांगत नाही. दुसरं म्हणजे चारपदरी हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूंचे दोन टेंडन दुमडून केलेल्या ग्राफ्टची) ताकद मूळ एसीएलच्या जवळपास दुप्पट असते असं वाचलंय, मग ग्राफ्ट ढिले का पडतात? आणि ग्राफ्ट साडेसात मिमीचाच निघाला तर करायचं काय.

मी ठाण्यात बरीच वर्षं गुडघ्याची दुर्बिणीची ऑपरेशनं करतोय, आमच्याकडे कबड्डीवाली पोरं, टर्फवर रात्री फुटबॉल खेळणारे आयटीवाले आणि घोडबंदर रोडला पावसात स्कूटर घसरलेले असे तीन प्रकार येतात, तिघांचाही ग्राफ्ट त्याच टेबलवर बनतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. आकडे तू वाचलेस ते बरोबर आहेत. १९९१ साली सॅव्हियो वू यांच्या टीमने तरुण कॅडाव्हरच्या (मृतदेहांच्या) गुडघ्यांवर ओढून बघितलं तेव्हा मूळ एसीएल साधारण २१६० न्यूटनला तुटलं, स्टिफनेस (एक मिमी ताणायला लागणारं बल) २४२ न्यूटन प्रति मिमी. (साठीच्या पुढच्या गुडघ्यांत तोच आकडा ६५८ वर आला होता, हे कोणी सांगत नाही.) १९९९ साली हॅमनर आणि सहकाऱ्यांनी हॅमस्ट्रिंगचे दोन टेंडन, ग्रॅसिलिस आणि सेमीटेंडिनोसस, ओढून बघितले: दुहेरी ग्रॅसिलिस साधारण १५५० न्यूटन, दुहेरी सेमीटेंडिनोसस २३३०, आणि दोन्ही मिळून चार पदर ४०९० च्या आसपास. म्हणजे दुप्पट, बरोबर.

पण त्याच पेपरातला पुढचा भाग लोक वाचत नाहीत. ४०९० हा आकडा चारही पदर वजनं लावून अगदी सारखे ताणले तेव्हाचा आहे. तेच चार पदर माणसाने हाताने, अंदाजाने "सारखे" ताणून क्लॅम्प केले तेव्हा ग्राफ्टची ताकद दोनपदरी सेमीटेंडिनोससपेक्षा फार वेगळी निघाली नाही. दोन पदर फुकट गेले असं समज. दहीहंडीला खालच्या थरात चार जण उभे आहेत पण दोघांचे गुडघे वाकलेले आहेत, तर भार बाकीच्या दोघांच्याच खांद्यावर येणार, ते दोघे कोलमडले की मग उरलेल्यांवर येणार, एकेक करून. टेंडनचंही तसंच, चार पदर एकत्र तुटत नाहीत, जो जास्त ताणलेला तो आधी जातो.

आणि खरं सांगू का, पेशंटमध्ये तुटण्यापर्यंत गोष्ट बऱ्याचदा जातच नाही. रोजच्या चालण्या-फिरण्यात एसीएलवर येणारा लोड साडेचारशे न्यूटनच्या आसपास धरतात, त्याला दोन पदरही पुरून उरतात. आपण हरतो ते ताकदीत नाही, लांबीत हरतो. दोन गुडघ्यांच्या पुढे सरकण्यात ३ मिमीपर्यंत फरक आला तर ठीक म्हणतो, ५ च्या वर गेला तर ग्राफ्ट फेल म्हणतो, म्हणजे सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा आहे. ग्राफ्ट आख्खा, एमआरआयमध्ये सुंदर काळा पट्टा दिसतोय, आणि पोरगं म्हणतंय सर गुडघा निसटतो. म्हणून बॅक टेबलवर तुझं काम मजबूत ग्राफ्ट बनवणं हे नाही, मजबूत तो आहेच, देवाने दिलाय. तुझं काम आहे त्यातला ढिलेपणा आत जायच्या आधी बाहेर काढणं. तो ढिलेपणा चार-पाच ठिकाणी लपलेला असतो.

पहिला टेंडनच्या आतच. कोलाजेनचे तंतू विश्रांतीत असताना बारीक लाटांसारखे मुडपलेले असतात, क्रिंप म्हणतात. ओढायला लागलं की आधी या लाटा सरळ होतात, त्यात लोड जवळजवळ काहीच लागत नाही पण लांबी वाढते, ग्राफच्या सुरुवातीला तो आडवा पसरलेला भाग दिसतो ना, टो रीजन, तो हाच. साधारण २ टक्के ताणापर्यंत हे चालतं. आता हिशोब कर. वर मांडीच्या हाडावर अडकणाऱ्या धातूच्या बटणापासून खाली टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) फिक्सेशनपर्यंत ग्राफ्टची कामाची लांबी ९० मिमी धर, २ टक्के म्हणजे १.८ मिमी. नुसत्या मुडपलेल्या लाटांनी तुझ्या ३ मिमीच्या बजेटमधले पावणेदोन खाल्ले. ग्राफ्ट न ताणता आत घातला तर हे मिलिमीटर पेशंटच्या गुडघ्यात, फिजिओच्या टेबलावर निघतील.

दुसरं, टेंडन व्हिस्कोइलॅस्टिक आहे, म्हणजे लोड लावून तसाच ठेवला तरी वेळेबरोबर हळूहळू लांबत राहतो. लोड कायम ठेवला तर लांबी वाढते, तो क्रीप. लांबी कायम ठेवली तर लोड उतरतो, ते स्ट्रेस रिलॅक्सेशन. बोर्डवर तू दुसरं बघत असतेस: स्क्रू फिरवून काटा ८० न्यूटनवर आणलास, पाच मिनिटांनी बघितलं तर काटा बराच खाली आलेला. बोर्ड खराब नाहीये, टेंडन सैलावलाय. पुन्हा ८० ला आण. परत उतरेल पण आधीपेक्षा कमी. असं दोन-तीनदा केलं की काटा जवळपास टिकतो. हे होईपर्यंत ठेवायचं, एवढंच. आकडाच हवा असेल तर ८० ते ९० न्यूटन, म्हणजे आठ-नऊ किलो, दहा-पंधरा मिनिटं, बहुतेक ठिकाणी हेच चालतं. मी घड्याळापेक्षा काट्याकडे बघतो. बरेच रेसिडेंट एकदा काटा सेट करतात आणि मॉनिटरवर मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) बघत बसतात, मग त्या बोर्डचा उपयोग नुसता खुंटीएवढा.

यात एक गोम आहे. बोर्डवरून काढून ग्राफ्ट ओल्या गॉजमध्ये सैल गुंडाळून ठेवलास, तिकडे सरांना टनेल (ग्राफ्टसाठी हाडातलं भोक) करायला अजून वीस मिनिटं लागली, तर कमावलेलं बरंचसं परत जातं, पाणी शोषून तंतू पुन्हा मुडपतात. म्हणून ग्राफ्ट आत जायच्या क्षणापर्यंत बोर्डवर ताणलेलाच राहू दे. आणि आत गेल्यावरही, फीमरला (मांडीच्या हाडाला) बटण लागलं की टिबियाच्या बाजूने ताण धरून गुडघा पंधरा-वीस वेळा पूर्ण वाकव-सरळ करायचा आणि मगच टिबियाला स्क्रू. बटणाचा लूप (ग्राफ्ट ज्यावर दुमडून लटकतो तो फासा), टनेलचे कोपरे, टाके, सगळ्यांतला उरलासुरला ढिलेपणा त्यात निघतो. माझं मत विचारशील तर बोर्डवरच्या पंधरा मिनिटांपेक्षा या वीस हेलपाट्यांवर माझा जास्त भरवसा आहे, आधी ताणून ठेवण्याचा, प्रीटेन्शनिंगचा, फायदा लॅबमध्ये जितका ठसठशीत दिसतो तितका पेशंटच्या रिझल्टमध्ये दिसत नाही. तरी करतो, कारण त्याला काही खर्च नाही आणि तसाही तो वेळ टनेल करण्यात जातोच.

जास्त ताणलं तर अजून चांगलं का? नाही. बोर्डवर काटा शंभरच्या कितीतरी पुढे नेऊन दाखवणारे हौशी असतात, त्यातून टाके कापत जातात, तंतूंना इजा होते. आणि फिक्स करताना वेड्यासारखं ओढलं तर टिबिया मागे बसतो, गुडघा जखडतो, शेवटचं एक्स्टेन्शन येत नाही. ढिला गुडघा एकवेळ पेशंट सांभाळतो, न सरळ होणारा गुडघा रोज शिव्या घालतो.

आता टाके, कारण खरे मिलिमीटर इथे सांडतात आणि रेसिडेंटच्या हातात नेमकं हेच असतं. टेंडन घट्ट आहे, दोरा घट्ट आहे, पण दोघांची जोडणी कच्ची. व्हिपस्टिच (टेंडनला गुंडाळत जाणारे टाके) घालताना प्रत्येक टाका त्या त्या वेळी ओढून बसवायचा, पाच टाके घालून शेवटी एकदा ओढलं असं नाही, कारण शेवटच्या ओढीने फक्त शेवटचे एक-दोन बसतात, आधीचे तसेच फुगीर राहतात आणि लोड आला की एकेक करून आवळत जातात, प्रत्येक आवळण्याला अर्धा-एक मिमी. टोकापासून तीन-चार सेंमी टेंडन शिवायचा. दोन नंबरचा दोरा, आता बहुतेक ठिकाणी फायबरवायरच्या जातीचा पॉलिएथिलिनवाला असतो, जुना पॉलिएस्टरचा इथिबॉन्डही चालतो पण तो थोडा लांबतो. मात्र नवीन दोरा बारीक आणि कडक, त्यामुळे तो टेंडनला सुरीसारखा चिरत जाऊ शकतो, म्हणून सुई कडेला अगदी काठावर घालू नको, थोडं मांस धर, म्हणजे टेंडनचं. क्रॅकोव्हचा लॉकिंग टाका १९८६ पासून आहे आणि घसरत नाही, पण वेळ लागतो आणि टोक जाड होतं, टनेलमध्ये अडकतं. मी साधा व्हिपस्टिच घालतो, एखादा लॉक टोकाला.

टाक्यांचं महत्त्व फिक्सेशनवर पण अवलंबून. टिबियाला इंटरफिअरन्स स्क्रू (टनेलमध्ये टेंडनशेजारी घट्ट बसणारा) असेल तर तो टेंडनलाच दाबून धरतो, टाके फक्त ओढायला. पण दोरे पोस्टला (टनेलबाहेर हाडात बसवलेल्या स्क्रूला) किंवा बटणावर बांधणार असशील तर सगळा लोड कायम टाक्यांतूनच जाणार, तेव्हा कंटाळा करून चालणार नाही. शिवाय पोस्ट जितका लांब तितकी कामाची लांबी जास्त आणि जितकी लांबी जास्त तितका कमी स्टिफ.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. चारही टोकं आधी एकत्र शिवून गठ्ठा करायचा आणि मग बोर्डवर लावायचं, ही पद्धत मी खूप ठिकाणी बघतो. दिसायला सुबक. पण पदर असमान असतील तर ती असमानता तू टाक्यांनी कायमची पक्की केलीस, आता बोर्डवर तासभर ठेव, ओढला जाणार तो सगळ्यात आखूड पदर. क्रम उलटा ठेव. दोन्ही टेंडन वेगवेगळे शिव, लूपमधून घाल, एकाच टेंडनचे दोन पदर लूपवरून सरकून आपोआप बरेचसे जुळतात, पण ग्रॅसिलिस आणि सेमीटेंडिनोसस एकमेकांशी आपोआप जुळत नाहीत, कारण ते दोन वेगळे टेंडन आहेत, जाडी वेगळी, लांबी वेगळी. म्हणून चारही टोकांचे दोरे वेगवेगळे धरून ताण, प्रत्येक पदर बोटाने छेडून बघ, काटा स्थिर होऊ दे, आणि मग ताण असतानाच टिबियाच्या बाजूला चारही पदरांतून दोन-तीन टाके घालून एकत्र बांध. आधी ताण, मग गाठ.

आता जाडी. ८ मिमीचा आकडा आला कुठून? २०१२ साली मॅग्नुसन वगैरेंनी दाखवलं की ८ मिमी किंवा त्याहून बारीक ग्राफ्ट आणि वय २० च्या आत, या दोन गोष्टींत रिव्हिजन (पुन्हा ऑपरेशन) जास्त होतात. पुढे २०१७ ला स्वीडनच्या रजिस्ट्रीतून आलं की ७ ते १० मिमीच्या दरम्यान प्रत्येक अर्ध्या मिमीला रिव्हिजनची शक्यता ०.८६ पट होत जाते. म्हणजे ८ ही काही लक्ष्मणरेषा नाही, उतार आहे. अर्धा मिमी किरकोळ वाटतो पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं: ७ मिमीला साडेअडतीस चौरस मिमी, ८ ला पन्नास, ९ ला साडेत्रेसष्ट. सातवरून आठला गेलीस की मटेरियल ३० टक्के वाढलं. आपल्याकडे बारीक चणीची, बुटकी पोरं आणि विशेषतः मुली भरपूर येतात, टेंडनची लांबी-जाडी उंचीबरोबर जाते, त्यामुळे साडेसात निघणं ही अपवादाची गोष्ट नाहीच.

मग काय करायचं? आधी खात्री कर की साडेसात खरंच साडेसात आहे. मांस नीट खरवडलं नसेल तर ग्राफ्ट फुगीर मोजला जातो, ते मांस आत जाऊन सुकणार, धरून ठेवणार काही नाही. ब्लेडची मागची बाजू किंवा स्टीलची पट्टी घेऊन स्नायूच्या टोकाकडे सरकवत साफ करायचं, तंतू न कापता. सलाइनमध्ये तरंगत पडलेला टेंडन पाणी पिऊन फुगतो. आणि ताण न देता साइझिंग ब्लॉकमधून (जाडी मोजायच्या भोकांच्या ठोकळ्यातून) ढकललेला ग्राफ्ट जाड भासतो. म्हणून माप नेहमी ताणल्यानंतर, ताणातच. हे सगळं करून जाड ग्राफ्टही बारीक निघू शकतो, निघू दे, टनेल खोटं मोठं केलंस तर ग्राफ्ट भोवती हलत राहील आणि हाडाला चिकटणार नाही.

खरंच बारीक असेल तर सेमीटेंडिनोससचे तीन पदर आणि ग्रॅसिलिसचे दोन असा पाचपदरी करता येतो. पाचपदरी दिसायला मस्त, ब्लॉकमधून ९ निघतो, सगळे खूश. पण तो पाचवा पदर कुठे अडकवलाय? त्याचं मधलं टोक नुसतं बाजूच्या पदराला दोन टाके घालून ठेवलं असेल तर त्याच्यावर लोड येतच नाही, तो जाडी वाढवतो, ताकद नाही. त्याला बटणाच्या लूपवर धड बांध, आणि बाकीच्या चारांबरोबर ताणात आण, नाहीतर नुसतं मोजमापाचं समाधान. दुसरा मार्ग म्हणजे पेरोनियस लाँगस हा पायाचा टेंडन, घोट्याच्या बाहेरच्या बाजूने काढतात, आपल्या देशात सध्या बराच चालतो, दुहेरी केला की सहसा आठच्या पुढे जातो. घोट्याने कसला खेळ खेळायचाय हे विचारून मगच. कबड्डीच्या कोपऱ्याच्या पोराचा मी शक्यतो काढत नाही, अँकल होल्ड करणारा तोच असतो.

पटेलर टेंडनच्या (गुडघ्याच्या वाटीखालच्या) हाडासकट काढलेल्या ग्राफ्टला ही पदरांची भानगड नाही, एकच सलग पट्टा, १० मिमी रुंदीला साधारण २९७७ न्यूटन मोजलंय. गुडघे टेकून बसणाऱ्याला मात्र नंतर पुढून दुखतं. देवपूजा, नमाज, फरशी पुसणं, हे पेशंटला आधीच विचारावं लागतं.

अॅलोग्राफ्टबद्दलही (मृत दात्याच्या टेंडनबद्दलही) विचारशीलच. गॅमा रेडिएशनने निर्जंतुक केलेल्या टेंडनची भीती साधार आहे, टिश्यूला नेहमीचा डोस २५ किलोग्रे, त्याच्या वर गेलं की कोलाजेनच्या साखळ्या तुटायला लागतात. तुझ्या कॉलेजपासून जवळच वाशीला ब्रिटचा (अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचा) रेडिएशनचा प्लांट आहे, तिथे मसाले निर्जंतुक होतात, तत्त्व तेच. हळदीला ओढून बघायचं नसतं एवढाच फरक. तरुण खेळाडूला मी अॅलोग्राफ्ट घालत नाही.

पाण्याचं आणि अँटिबायोटिकचं पटकन सांगतो. ओटीच्या लाइटखाली आणि एसीत टेंडन भराभर सुकतो, सुकलेला टेंडन कडक आणि ठिसूळ वागतो, त्यामुळे बोर्डवर ओला गॉज कायम. तोच गॉज व्हॅन्कोमायसिनमध्ये भिजव, ५०० मिलिग्रॅम १०० मिली सलाइनमध्ये, म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रति मिली. ऑस्ट्रेलियातल्या व्हर्टुलोंनी २०१२ ला छापलं तेव्हा आधीच्या २८५ पेशंटमध्ये ४ इन्फेक्शन होती, व्हॅन्कोत भिजवायला लागल्यावर ८७० मध्ये एकही नाही. एवढ्या प्रमाणाने टेंडनची ताकद घटत नाही. उगाच शहाणपणा करून दाट द्रावण करू नको. आणि ग्राफ्ट टेबलवरून टेबलवर हातात लोंबकळत न्यायचा नाही, ट्रेमध्ये, कारण तो पडतो. पडलाच तर ओरडून सांग, लपवू नको, क्लोरहेक्सिडिनमध्ये ठेवून सलाइनने भरपूर धुऊन वापरता येतो.

आता तो ४०९० चा आकडा एकदाचा जागेवर ठेवूया. तो टेबलवरचा आकडा आहे. आत गेल्यावर पहिल्या दिवशी कमकुवत दुवा ग्राफ्ट नसतो, फिक्सेशन असतं, बटण-लूपची जोडणी साधारण हजार न्यूटनच्या घरात सुटते. नंतर हाड चिकटायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि त्याच काळात ग्राफ्टमधल्या पेशी मरून नवीन रक्तवाहिन्या शिरत असतात, म्हणजे फिक्सेशन सुधारतंय तेव्हा ग्राफ्ट स्वतः सगळ्यात दुबळा झालेला असतो. गंमत बघ, नेमकं तेव्हाच पेशंटचं दुखणं थांबलेलं असतं, तो लोकल पकडायला धावतो. नऊ महिन्यांआधी मैदान नाही असं आपण म्हणतो ते यासाठी. ढिलेपणा इथेही शिरू शकतो, पण तो तुझ्या बॅक टेबलच्या हिशोबातला नाही.

सराव कर. खाटकाकडून बकऱ्याचे पाय आण, पायाच्या सूपला मिळतात तेच, त्यातले टेंडन काढ, बोर्डाऐवजी लाकडी फळी आणि दोन खिळे. चार टोकांना चार स्प्रिंगचे वजनकाटे लाव, भांड्यांच्या दुकानात मिळतात, आणि डोळे मिटून हाताने "सारखे" ओढ, मग काट्यांवरचे आकडे बघ. हॅमनरचा पेपर वाचून जे पटत नाही ते तिथे पटतं. फक्त हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये ठेवशील तर पिशवीवर नाव लिही.

आणि ग्राफ्ट सरांच्या हातात देताना गुपचूप देऊ नको, मोठ्याने सांगायचं: फीमर साइड आठ मिमी, टिबिया साइड साडेआठ, लांबी बारा सेंमी, फीमरच्या बाजूला वीस मिमीवर निळी खूण. दोन्ही बाजू वेगळ्या मोज, टाक्यांमुळे टिबियाची बाजू नेहमी थोडी जाड येते, आणि एकच आकडा सांगितला तर कुठलं तरी एक टनेल चुकीचं ड्रिल होतं.